बशीतलं गाव, दोन बंब

फायर स्टेशनात आग कमी आणि गप्पा जास्त, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. रोज थोडीच कुठं आग लागते? सकाळी गाडी धुवायची, पाण्याचे पाइप वाळत घालायचे, घंटा घासायची, आणि मग दिवसभर फोनकडे बघत बसायचं. माणसं बसली की बोलणारच. आणि बोललेलं कुठं जातंय? साठत राहतं. माझ्याकडे तर इतकं साठलंय की लग्नाकार्यात भेटलेले लोक ताटावरून उठायच्या आधीच म्हणतात, "ताई, तो बंबाचा किस्सा सांगा ना!" मी म्हणते, कोणता? एक आहे का!

गावाचं नाव मात्र सांगणार नाही. जळगाव आणि धुळ्याच्या मधलं कुठलंही वाढतं गाव धरा. नाव सांगितलं की कुणीतरी लगेच उठून म्हणतं, "अहो, ते तर माझे मामा!" मग पुढचं सांगायची चोरी होते.

मी तेव्हा तिथल्या नगरपालिकेत ट्रेसर होते. साहेबांनी पेन्सिलीनं काढलेला नकाशा ट्रेसिंग क्लॉथवर शाईनं गिरवायचा, हे माझं काम. टेबलाला कुणी धक्का दिला की माझं डोकं फिरायचं. एकदा नगराध्यक्ष टेबलावर रेलून उभे होते, त्यांनाही मी म्हटलं होतं, "कोपर उचला!" त्यांनी बिचाऱ्यांनी उचललं.

आमच्या ऑफिसच्या खालीच फायर स्टेशन. एक लाल गाडी, पाच-सहा माणसं आणि एक काळा फोन. हे किस्से त्याच माणसांचे.

*

आधी बंबाचं सांगते, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही.

आमच्याकडे फायर ब्रिगेडच्या गाडीला बंब म्हणतात. आणि न्हाणीघरात पाणी तापवायचं ते तांब्याचं भांडं, मधे नळी, खाली जाळ, तोही बंबच. दोन्ही बंब, दोन्हींचा संबंध आगीशी आणि पाण्याशी. आता गोंधळ होणार नाही तर काय!

फोनवर बसायचे सुपडूभाऊ. भला माणूस, आवाज मात्र असा की फोन नसता तरी पलीकडे ऐकू गेला असता. एकदा सकाळी फोन आला. पलीकडून एक बाई म्हणाल्या, "अहो, बंब गळतोय. माणूस पाठवा."

आता आमची गाडी त्या दिवसांत खरोखरच गळत होती. टाकीला चीर गेलेली. येणारा-जाणारा प्रत्येक जण ते सांगायचा. सुपडूभाऊ वैतागले होते. ते म्हणाले, "माहीत आहे हो बाई! चार दिवसांपासून गळतोय. खाली बादली लावलीये."

 मग बाई घाबऱ्या आवाजात म्हणाल्या, "अगंबाई! आमच्या न्हाणीघरातली बादली तुम्हाला कशी दिसली?"

*

आमच्या बंबाचे ड्रायव्हर होते नाना. नाना म्हणजे रुंद खांदे, पांढऱ्या मिशा आणि बोलणं अगदी मोजकं. गावातल्या कुठल्या गल्लीत गाडी शिरेल आणि कुठं अडेल हे त्यांना ठाऊक होतं, आणि शिरत नाही तिथं ते शिरवायचेही. दोन ओटे पाडल्याचं श्रेय त्यांच्या नावावर आहे.

नानांच्या मनात एक गोष्ट घर करून बसली होती. आमच्या गावाच्या मधून रेल्वे जाते. जुनं गाव, बाजारपेठ, नगरपालिका, बंब, सगळं रुळांच्या अलीकडे. पलीकडे आधी शेतं होती, मग कॉलन्या उठल्या. मधे फाटक. आणि मेन लाइनवरचं फाटक म्हणजे काय सांगू! उघडं दिसलं की लोक आधी हात जोडायचे.

काही वर्षांपूर्वी पलीकडे अक्कांच्या घराला आग लागली. अक्का म्हणजे एकटी विधवा बाई, थोडी कापसाची शेती, फाटकाच्या पलीकडे अगदी कोपऱ्यावर घर. ओसरीत वेचलेला कापूस भरून ठेवलेला, कुठून ठिणगी पडली कुणास ठाऊक. नाना बंब घेऊन निघाले ते लगेच निघाले. फाटकापाशी आले आणि फाटक बंद. मालगाडी आली, अर्धी गेली आणि मधेच थांबली! डब्यांच्या फटींतून पलीकडचा धूर दिसत होता, माणसांची ओरड ऐकू येत होती, आणि नाना पाण्यानं भरलेली गाडी घेऊन अलीकडे उभे. घंटा वाजवत होते म्हणे. कुणासाठी वाजवत होते देव जाणे.

अक्का वाचल्या, शेळी वाचली. बाकी काही राहिलं नाही. अक्कांच्या मालकांचा एकच फोटो होता, तो गेला. राखेतून साबूत निघाला फक्त न्हाणीघरातला तांब्याचा बंब. काळा ठिक्कर, पण साबूत!

नाना पोहोचले तेव्हा अक्का त्या बंबाशेजारी बसल्या होत्या. त्यांनी मान वर करून नानांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मना घरना बंब जळना नही, आनि तुमना बंब उना नही."

आमच्या अहिराणीत 'उना' म्हणजे आला. गावात ही ओळ कुणीतरी विनोद म्हणून फिरवली. लोक हसायचे. नाना कधी हसले नाहीत. त्या कोपऱ्यावरून गाडी न्यायची वेळ आली तर ते समोर बघायचे, मान वळवायचे नाहीत. रिटायर व्हायला वर्ष-दीड वर्ष उरलं होतं आणि त्यांचं एकच म्हणणं होतं: आपण जायच्या आत रुळांच्या पलीकडे एक बंब उभा राहिला पाहिजे. बाकी त्यांना आयुष्यात काही मागायचं नव्हतं.

*

अशात आमच्याकडे लिमये साहेब आले. पुण्याहून बदली होऊन आलेले तरुण इंजिनिअर, गोरेपान, सरळ मनाचे. त्यांच्यावर काम आलं: बंब गावात कुठवर वेळेत पोहोचतो याचा नकाशा करा, आणि दुसरं फायर स्टेशन कुठं हवं ते दाखवा. नाना ते ऐकून जिना चढून वर आले आणि साहेबांच्या टेबलासमोर नुसते उभे राहिले. साहेबांना वाटलं काही तक्रार आहे. मी म्हटलं, "तक्रार नाही साहेब, आनंद झालाय त्यांना. त्यांचा चेहरा असाच आहे."

साहेब म्हणाले, "सोनवणेबाई, स्टेशन मधे धरून एक वर्तुळ काढू. त्याच्या आतलं गाव सुरक्षित." माझ्याकडचा कंपास लहान पडला. मी चहाची बशी उपडी ठेवली आणि कडेनं रेघ मारली. अगदी मापात बसली!

झालं. त्या दिवसापासून गावाचे दोन भाग पडले, बशीतलं गाव आणि बशीबाहेरचं गाव. नगरसेवक येऊन हळूच विचारायचे, "ताई, माझा वॉर्ड बशीत आहे ना?" एकांनी तर सुचवलं, "जरा मोठी बशी घ्या की! कपाचा सेट माझ्याकडून."

पण बशीच्या मधून रेल्वेचा रूळ जात होता. साहेबांच्या ते लक्षात आलं तेव्हा त्यांनी लाल पेन्सिल उचलली आणि रुळांवरून आडवी रेघ ओढली. नाना शेजारीच होते. साहेब म्हणाले, "फाटक बंद असलं की ही बशी फुटली. अर्धीच उरली."

नानांनी त्या रेघेवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. माझी शाई ओली होती. बोटाचा ठसा उमटला. मी चिडले नाही. आयुष्यात पहिल्यांदा!

पुढं अक्कांना कुणीतरी सांगितलं की नकाशात तुमचं घर बशीत होतं. अक्का म्हणाल्या, "बशीमा व्हतं, तं जळनं कसं?" 

*

मग साहेब पलीकडच्या कॉलन्यांचा सर्व्हे करायला निघाले. कुठल्या घरापर्यंत गाडी जाते हे लिहायचं, तर घराचा नंबर हवा. पलीकडे तेव्हा रस्त्यांना नावं नव्हती आणि घरांना नंबर नव्हते. साहेब पुण्याचे. त्यांना अहिराणी ओ की ठो कळत नव्हती, पण सांगायला लाजायचे.

ते दारात उभे राहून विचारायचे, "प्लॉट कुठला तुमचा? नंबर सांगा." आतून म्हातारी म्हणायची, "आठे शे."

आता आमच्याकडे 'आठे शे' म्हणजे 'इथं आहे'. म्हातारी बिचारी सरळ सांगत होती, 'बाबा, इथंच तर आहे, समोर उभा आहेस की!' साहेबांनी लिहिलं: आठशे.

शेजारच्या घरी गेले. "प्लॉट नंबर?" "आठे शे." आठशे! पुढच्या घरी, "आठेच शे ना भाऊ!" तिथंही आठशेच.

संध्याकाळी मी कागद बघितले तर अख्ख्या गल्लीत प्रत्येक घर आठशे नंबरचं. म्हटलं, साहेब, हे काय? साहेब गंभीरपणे म्हणाले, "मलाही शंका आली होती. मी एका आजोबांना विचारलं की सगळ्यांचा एकच नंबर कसा? ते म्हणाले, बठ्ठा आठेच शेत!"

मी इतकी हसले की शाईची बाटली सांडली. 'सगळे इथंच आहेत' हा अर्थ साहेबांना सांगितला तेव्हा तेही कान लाल होईपर्यंत हसले. नंतर चांगले शिकले ते. जायच्या वेळेपर्यंत कॅन्टीनवाल्याशी अहिराणीत भांडायला लागले होते.

*

नकाशात बशी काढणं सोपं. बंबाला खरंच किती वेळ लागतो ते बघायला गाडी पळवायला हवी. साहेबांनी घड्याळ हातात घेतलं, नानांच्या शेजारी बसले, म्हणाले, "चला, घंटा वाजवा."

घंटा वाजली आणि अर्धं गाव मागे! सायकली, लुना, हातात वस्तरा धरलेली माणसं, एक तर अर्धी दाढी झालेला. आमच्याकडे बंब निघाला की घरात बसणं हा अपमान समजतात. बंब थांबला तशी गर्दी थांबली. सगळे इकडे-तिकडे बघायला लागले. "आग कोठे शे?"

साहेब म्हणाले, "आग नाहीये. आम्ही नुसते बघायला आलोय."

गर्दीतला एक जण भडकला. दुकान उघडं टाकून आलेला. "आग नही? मंग कसाले उनात?"

दुसऱ्या वेळी साहेबांनी ठरवलं, घंटा वाजवायची नाही. घंटा नाही म्हटल्यावर बंबाला कोण विचारतो! पुढं कापसाची बैलगाडी. गाडीवान झोपलेला, बैल आपल्या मनानं चाललेले. नाना मागून हळूहळू. शेवटी बैलांच्याच चालीनं बंब कॉलनीत पोहोचला. वर ते बैल आमच्याआधी पोहोचले.

तिसऱ्या खेपेला गाडी कशीबशी वेळेत गेली. पण दिवस उन्हाळ्याचे, पलीकडच्या कॉलन्यांत नळाला पाणी नाही. बंब उभा राहिला तसे दारं उघडून हंडे, कळश्या, बादल्या बाहेर! एक बाई साहेबांना म्हणाली, "साहेब, आग तर नाही. मग हे पाणी परत नेऊन काय करणार?"

साहेबांनी घड्याळ खिशात घातलं. ते नानांकडे बघायला लागले. नानांनी व्हॉल्व्ह उघडला. पहिला हंडा भरला तो कडेवर लेकरू घेतलेल्या बाईचा. सगळी टाकी रिकामी झाली. त्या दिवशी जाण्याचा वेळ साहेबांनी लिहिला, येण्याचा लिहिलाच नाही. वर आल्यावर मला म्हणाले, "सोनवणेबाई, आज प्रथमच बंब खऱ्या अर्थानं उपयोगी पडला असं वाटलं." मला तो माणूस तेव्हापासून आवडायला लागला.

शेवटी सुपडूभाऊंनी युक्ती काढली. त्या काळात रविवारी सकाळी टीव्हीवर देवादिकांची मालिका लागायची आणि रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसायचं. फाटकवालाही फाटक उघडं टाकून पलीकडच्या घरात खिडकीतून बघायचा. साहेब म्हणाले, "उत्तम! याच वेळी चाचणी घेऊ."

बंब असा सुटला की विचारू नका! अलीकडे, पलीकडे, बशीत, बशीबाहेर, सगळीकडे वेळेच्या आत. साहेब खूश. मी नकाशा रंगवला, सगळं गाव हिरवं. वरच्या साहेबांनी तो नकाशा बघितला, चष्मा काढला आणि शांतपणे म्हणाले, "छान आहे. फक्त लोकांना कळवा, की आग रविवारी सकाळीच लावायची."

*

सगळं पुन्हा केलं. भर बाजाराच्या दिवशी केलं, फाटक धरून केलं. खरा नकाशा तयार झाला तेव्हा रुळांपलीकडचं सगळं लाल होतं, आणि दुसऱ्या स्टेशनला जागा एकच बसत होती. तीन कॉलन्यांचे रस्ते जिथं मिळतात तो कोपरा. तो कोपरा अक्कांचा!

आगीनंतर अक्का समोरच भावाच्या घरी राहत होत्या. जळालेली जागा त्यांनी तशीच ठेवली होती. बांधली नाही, विकली नाही, कुणाला गुरंही बांधू दिली नाहीत. पालिका बदल्यात पलीकडच्या ओळीत तशीच जागा द्यायला तयार होती. पण अक्का हो म्हणायला हव्यात. त्या नाही म्हणाल्या तर कोर्टकज्ज्यांत वर्षं जाणार, आणि तोवर नाना घरी बसणार.

आधी लिमये साहेब गेले. नकाशा उलगडून सगळं समजावून सांगितलं. अक्कांनी त्यांना कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा वाढला. साहेब परत आले ते डोळे पुसत. आम्हाला वाटलं, काहीतरी फारच हळवं झालं. ते म्हणाले, "पाणी द्या आधी!" मग म्हणाले, "नाही म्हणाल्या. पण जेवण फार छान होतं."

मग नगरसेवक गेले. त्यांना ठेचासुद्धा मिळाला नाही.

मग मी गेले. अक्का गच्चीवर ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमचे उन्हात वाळवायचे पापड, घालत होत्या. मला म्हणाल्या, "बठ, हात लाव." मी बसले आणि दुपारभर बिबडे घातले. पाठ मोडली. उन्हं कलली तेव्हा विचारलं, "अक्का, जागेचं काय?"

अक्का म्हणाल्या, "त्या ड्रायव्हरले धाडा."

"कशाला?"

"धाडा म्हनी ऱ्हायनू ना!"

ऑफिसात येऊन मी नानांना सांगितलं. नाना पाइप गुंडाळत होते, त्यांचे हात थांबले. म्हणाले, "ताई, मी नाही जाणार. त्या बाईसमोर मी कोणत्या तोंडानं उभा राहू?" मी त्यांच्यावर खूप ओरडले. म्हटलं, नाना, सगळं गाव तुमच्या एका चहासाठी अडलंय! सुपडूभाऊ म्हणाले, "शिव्या देतील, देऊ द्या. फोनवर मी रोज खातो." साहेब म्हणाले, "नाना, ठेचा वाढला तर मात्र जपून."

चार दिवस नाना नुसते पाइप गुंडाळत राहिले. पाचव्या दिवशी दुपारी धुतलेली टोपी घालून, सायकल घेऊन माझ्या टेबलापाशी आले. "चला."

*

आम्ही दोघं चालत निघालो. नाना सायकल हातात धरून, मी जागेचे कागद काखेत मारून. आणि फाटक बंद!

आता आमच्या गावात फाटक बंद असलं म्हणून पायी माणूस कधी थांबलाय? सगळे दांडीखालून वाकून जातात. सायकल आडवी करतात, खालून सरकवतात, पलीकडे. पोलीससुद्धा तसेच जातात. मीही वाकले आणि गेले. पलीकडे जाऊन मागं बघितलं तर नाना अलीकडेच. सायकल धरून सरळ उभे.

मी हाक मारली, "नाना, या की खालून!" त्यांनी मान हलवली. नाही. मी पुन्हा ओरडले, "अहो, गाडी लांब आहे अजून!" माणूस जागचा हलेना. फाटकवाल्यानंही खूण केली, जा म्हणून. नाही म्हणजे नाही.

अक्कांच्या भावाचं घर तिथून दिसतं. माझा आवाज ऐकून अक्का बाहेर आल्या, चालत फाटकापर्यंत आल्या आणि माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. त्यांनी नानांना बघितलं. नानांनी त्यांना बघितलं. आणि मग मालगाडी आली.

मालगाडी ती, संपता संपेना! डब्यांच्या फटींतून नाना दिसायचे आणि जायचे. टोपी, सायकल, मिशा. खाली मान. शेजारी अक्का प्रत्येक फटीतून त्यांच्याकडेच बघत होत्या.  

गाडी गेली. फाटक उघडलं. दोन्हीकडचे लोक एकमेकांत घुसले, रिक्षा, लुना, बैलगाड्या. नाना सगळ्यांच्या मागून, हळूहळू रूळ ओलांडून आले आणि अक्कांसमोर थांबले.

अक्का म्हणाल्या, "तुनाकडे तं सायकल व्हती. खालतून का उना नही?"

नानांनी सायकल स्टँडला लावली. मग म्हणाले, "अक्का, बंब खालतून निंघत नही."

अक्कांनी पदरानं तोंड पुसलं. ऊन होतं, घाम असेल. मला बघवेना, मी दुसरीकडे पाहिलं. मग अक्का वळल्या आणि चालायला लागल्या. चार पावलांवर थांबून मागं न बघता म्हणाल्या, "चाल, नाना. च्या थंडा व्हई गया."

चहा पिऊन झाल्यावर त्यांनी माझ्यापुढं हात केला. "कागद आन."

*

स्टेशन बांधून झालं तेव्हा नानांचे नोकरीचे थोडेच दिवस उरले होते. साहेबांनी खटपट करून पहिली ड्यूटी त्यांनाच दिली, आणि तिथल्या फोनवर सुपडूभाऊंना बसवलं. फीत कापली, पेढे वाटले, पाहुणे गेले. पलीकडच्या कोपऱ्यावर लाल गाडी उभी राहिली. नाना तिच्याभोवती तीनदा फिरून आले, आणि त्यांना वाटलं कुणी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी अक्कांनी हातगाडीवरून काहीतरी पाठवलं. बघतो तर तांब्याचा बंब! तोच. चिंचेनं घासून असा लखलखीत केलेला की सुपडूभाऊंनी त्यात बघून भांग पाडला. निरोप होता, थंडीचे दिवस येतायत, पोरांना आंघोळीला गरम पाणी लागेल. सुपडूभाऊंनी स्टेशनच्या सामानाच्या यादीत लिहिलं, 'बंब: दोन.' महिनाभर वरून विचारणा येत होती, की एवढ्याशा स्टेशनला दोन बंब कुणी मंजूर केले?

आता तिथली पहिली थंडीची सकाळ. मी नवा नकाशा फ्रेम करून आणला होता, स्टुलावर उभी राहून भिंतीवर लावत होते. मागच्या पडवीत नाना उकिडवे बसून तांब्याचा बंब पेटवत होते. कापसाच्या पऱ्हाट्या दवानं ओल्या. जाळ धरेना, धूर मात्र मायंदाळ! खिडकीतून, दारातून, छपरावरून धूर. नाना फुंकतायत, खोकतायत, डोळे चोळतायत.

तेवढ्यात धाडकन दार उघडलं. अक्का! नऊवारीचा ओचा खोचलेला, पायांत चप्पल नाही, कमरेवर भरलेला हंडा. मागं भावाच्या दोन्ही सुना बादल्या घेऊन. फायर स्टेशनातली आम्ही सगळी माणसं नुसती बघत राहिलो. सुपडूभाऊंनी सवयीनं फोन उचलला आणि कुणाला लावायचा ते न सुचून तसाच धरून ठेवला.

अक्का सरळ पडवीत गेल्या आणि अख्खा हंडा बंबावर आणि नानांवर ओतला.

जाळ विझला. नाना टोपीपासून टाचेपर्यंत निथळत होते, मिशांतून पाणी गळत होतं. अक्कांनी हंडा खाली ठेवला, दम घेतला आणि म्हणाल्या,

"देख नाना, मी येळवर उनू!"